उन्हाने पेटणारा रस

जायंट हॉगवीड अंगाला लागले की त्या क्षणी काहीच होत नाही. खाज सुटत नाही, चुणचुणत नाही, काटाही रुतत नाही. खाजकुइलीचे कूस लागले तर माणूस जागच्या जागी नाचू लागतो. हॉगवीडचा देठ तोडणारा मात्र काम आटोपतो, जेवतो, रात्री शांत झोपतो. दुसऱ्या दिवशी हातावर तांबडे चट्टे दिसतात. आणखी दिवसभराने तिथे फोड येतात, उकळते पाणी सांडल्यावर येतात तसे. फोड बसले तरी मागे राहिलेला काळपट डाग काही महिने, कधी काही वर्षेही जात नाही, आणि तेवढी कातडी पुढे बराच काळ उन्हाला हळवी राहते. कशाने भाजले, हेच पुष्कळदा लक्षात येत नाही. कारण भाजणे आणि कळणे यांत एक-दोन दिवस जातात आणि मधल्या काळात झाडाची आठवणही पुसलेली असते. युरोप आणि उत्तर अमेरिकेत दर उन्हाळ्यात या झाडाविषयी इशारे द्यावे लागतात ते यामुळेच.

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव हेराक्लियम मँटेगॅझियानम. ती चामर कुलातली. या कुळाशी मराठी स्वयंपाकघराची ओळख जुनी आहे. धने, जिरे, ओवा, बडीशेप, शेपू, गाजर, इतकेच नव्हे तर हिंगसुद्धा याच घराण्यातली. एका बिंदूतून छत्रीच्या काड्यांसारखे देठ फुटावेत आणि प्रत्येकाच्या टोकाला बारीक फुलांचा झुबका यावा, ही या कुळाची खूण. कोथिंबिरीचे झाड फुलावर आलेले ज्याने पाहिले आहे, त्याने हॉगवीडची लहानशी आवृत्तीच पाहिली आहे. फरक आकाराचा आहे. कोथिंबीर गुडघ्याएवढी, तर हॉगवीड चार-पाच मीटर उंच, म्हणजे माडीच्या खिडकीला टेकेल इतके.

त्याचे मूळ गाव कॉकेशस पर्वताचा पश्चिम भाग, आजच्या जॉर्जिया आणि रशियाच्या सीमेवरचा. तिथून ते आपणहून कुठेच गेले नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या धनिकांना आपल्या बागांत भव्य, विलक्षण झाडे हवी होती, आणि एवढे थोरले पांढरे छत्र उभारणारे झाड त्यांना आवडले नसते तरच नवल. लंडनजवळच्या क्यू उद्यानाच्या बियांच्या यादीत त्याची नोंद १८१७ची आहे. १८२८पर्यंत ते केंब्रिजशायरमध्ये बागेबाहेर, मोकाट वाढताना आढळले होते. अमेरिकेत ते १९१७च्या सुमारास न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे शोभेसाठीच आले. बागेतून ओढ्याकाठी, ओढ्यातून नदीकाठी, नदीकाठाहून रेल्वेमार्गाच्या कडेला, असा त्याचा प्रवास झाला. एक झाड सरासरी २०,०००च्या आसपास बिया टाकते. बहुतेक बिया झाडापासून चार-पाच मीटरांतच पडतात, पण पाण्यात पडलेल्या बिया प्रवाहाबरोबर दूरवर जातात. म्हणून नद्यांचे काठ हा त्याचा आवडता मुक्काम.

रस्त्याकडेची देखणी वनस्पती अंग भाजू शकते, हे लोकांना पटायला फार वेळ लागला. १९७०च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये अनेक मुले ओठांभोवती आणि डोळ्यांभोवती फोड घेऊन डॉक्टरांकडे आली. हॉगवीडचा दांडा पोकळ असतो. मुलांनी तो कापून त्याच्या दुर्बिणी आणि फुंकनळ्या केल्या होत्या. त्यानंतर या झाडाला जी कुप्रसिद्धी मिळाली ती इतकी, की पुढच्याच वर्षी जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडने त्याच्यावर एक गाणे केले. आज युरोपीय संघात हे झाड विकणे, पाळणे आणि वाढवणे बेकायदा आहे. ब्रिटनमध्ये ते रानात लावणे किंवा पसरू देणे १९८१च्या कायद्याने गुन्हा ठरते, आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या घातक तणांच्या यादीतही ते आहे.

हॉगवीडचा रस आम्लासारखा कातडी जाळत नाही. अंधाऱ्या खोलीत तो हाताला लावून, नीट धुऊन टाकला तर बहुधा काही होणार नाही. त्या रसात फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्ये असतात, त्यांतली सोरालेन, बर्गाप्टेन आणि झँथोटॉक्सिन ही मुख्य. यांचे रेणू चपटे असतात. ते त्वचेच्या पेशींत शिरतात आणि डीएनएच्या शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये जाऊन बसतात. तेवढ्याने काही बिघडत नाही. सूर्यप्रकाशातले सुमारे ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण त्यांच्यावर पडले, की हे रेणू शिडीच्या दोन्ही बाजूंना घट्ट चिकटतात आणि दोन बाजू एकमेकींना सांधून टाकतात. डीएनएची शिडी उसवता आली नाही की पेशीला आपली नक्कल करता येत नाही, आणि पेशी मरते. पेशींची पटलेही या प्रकाशक्रियेत खराब होतात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून फोड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. वैद्यकशास्त्रात या प्रकाराला वनस्पतिजन्य प्रकाशदाह म्हणता येईल. ही ॲलर्जी नव्हे. ॲलर्जी काहींना असते, काहींना नसते, आणि पहिल्या स्पर्शात सहसा होत नाही. हा दाह मात्र पुरेसा रस आणि पुरेसे ऊन मिळाले की कोणालाही, पहिल्याच वेळी होतो. घामाने भिजलेल्या अंगात रस अधिक मुरतो, आणि उन्हाळ्यातल्या बागकामाला घाम तर येतोच.

हेच द्रव्य औषध म्हणूनही चालते. आयुर्वेदात कोडावर बावची वापरतात. बावचीच्या बियांत सोरालेन असते, आणि सोरालेन हे नावही बावचीच्या सोरालिया या शास्त्रीय नावावरूनच पडले आहे. इजिप्तमध्ये नाईलच्या खोऱ्यात चामर कुलातल्याच दुसऱ्या एका वनस्पतीचा असाच उपयोग होत असे. कैरोचे डॉक्टर अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी १९४०च्या दशकात त्यातून वेगळे काढलेले द्रव्य कोडाच्या रुग्णांवर वापरले. १९७४मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सोरायसिसवर सोरालेन देऊन मोजके अतिनील किरण सोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आजही त्वचारोगतज्ज्ञ ती वापरतात. तिथे औषधाची मात्रा आणि किरणांची वेळ दोन्ही तोलून दिलेली असतात, तर रानात दोन्ही बेहिशेबी. बावचीचे तेल लावून भर दुपारी उन्हात बसणारे काही जण घरच्या घरी हाच अपघात करून घेतात.

महाराष्ट्रात आणखी दोन ठिकाणी हा दाह भेटतो. अंजिराच्या पानांत आणि देठांत दुधासारखा चीक असतो, त्यात सोरालेन आणि बर्गाप्टेन दोन्ही असतात. पुरंदर तालुक्यासारख्या अंजिराच्या पट्ट्यात उघड्या हातांनी फांद्या छाटणाऱ्याच्या दंडावर फोड उठले तर कारण शोधायला लांब जायला नको. दुसरे लिंबू. सहलीत उन्हात बसून सरबतासाठी लिंबे पिळावीत, हात नुसते पुसावेत, आणि दोन दिवसांनी बोटांवर व मनगटावर काळपट ओघळ उमटावेत, हे जगभरातले डॉक्टर पाहतात.

हॉगवीड ओळखायचे ते मुख्यतः दांड्यावरून. दांडा पाच ते दहा सेंटिमीटर जाड, पोकळ, हिरवा, त्यावर जांभळट-तांबूस डाग, आणि त्या डागांतून उभे राहिलेले राठ पांढरे केस. पानाचा देठ जिथे दांड्याला मिळतो तिथे केसांचे दाट कडेच असते. पाने दीड मीटरपर्यंत रुंद, खोल दातेरी कापलेली. जून-जुलैत वर पांढऱ्या फुलांचे छत्र येते, ते ऐंशी सेंटिमीटरपर्यंत रुंद भरते आणि त्याला पन्नासहून अधिक काड्या असतात. पण ही सगळी लक्षणे फुलावर आलेल्या झाडाची. हॉगवीड आयुष्यात एकदाच, बहुधा तिसऱ्या ते पाचव्या वर्षी फुलते आणि मरते. त्याआधीची वर्षे ते जमिनीलगत फक्त पानांचा झुबका म्हणून काढते, आणि रस त्या पानांतही असतोच. गवत कापणारा माणूस फसतो तो इथे.

त्याच्यासारखी दिसणारी झाडे पुष्कळ आहेत, आणि लोक घाबरून त्यांचीच कत्तल करतात. उत्तर अमेरिकेतले काउ पार्सनिप हे हॉगवीडचे तिथलेच देशी भावंड. ते दोन-अडीच मीटरच्या पुढे जात नाही, त्याचे छत्र तीस सेंटिमीटरच्या आसपास, अंगावर मऊ लव, आणि दांड्यावर ठळक जांभळे डाग नाहीत. तेही थोडेफार भाजते, पण ते तिथल्या रानाचे आहे, उपटण्याचे नाही. रानगाजर कमरेइतकेच वाढते आणि त्याच्या पांढऱ्या छत्राच्या मधोमध बहुधा एकच गडद जांभळे फूल असते. खरी काळजी घ्यायची ती हेमलॉकची. त्याच्या दांड्यावरही जांभळे ठिपके असतात, पण दांडा अगदी गुळगुळीत, बिनकेसाचा, पाने नेच्यासारखी नाजूक, आणि चुरगाळली तर उग्र वास येतो. सॉक्रेटिसला दिलेले विष ते हेच, आणि पोटात गेले तर आजही प्राणावर बेतते. चामर कुलातली रानटी वनस्पती ओळखीशिवाय तोंडात घालू नये. पावसाळ्यात रानभाज्या खुडण्याची सवय घेऊन टोरांटो, न्यू जर्सी किंवा लंडनच्या परिसरात राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांना तर हे आवर्जून सांगायला हवे. तिथला शेपू-कोथिंबिरीसारखा दिसणारा पाला शेपू-कोथिंबीर नसतो.

अमेरिका आणि कॅनडात हॉगवीडपेक्षा जास्त लोकांना भाजत असेल ते बहुधा रानटी पार्सनिप. हॉगवीड एकूण तुरळक आहे, तर हे पिवळ्या फुलांचे झाड ओंटारिओ, व्हरमॉन्ट, विस्कॉन्सिनच्या रस्त्यांकडेला मैलोन्मैल पसरलेले असते. पार्सनिप म्हणजे गाजरासारखे पांढरे कंद. युरोपी वसाहतवाल्यांनी ते सतराव्या शतकात खायला म्हणून आणले, आणि शेतातून निसटून ते रानटी झाले. जात तीच, कंदही खाण्याजोगा, पण पानांचा आणि दांड्याचा रस कातडीला सोसत नाही. झाड दीड मीटरपर्यंत, दांडा खाचदार आणि जवळजवळ बिनकेसाचा, छत्र पिवळे. याचे भाजणे लांबट पट्ट्यांचे असते, कारण चालताना उघड्या पायांवर दांडे घासत जातात. मुलांच्या पायांवरचे असे वळ पाहून डॉक्टरांना कधी मारहाणीचा संशय आलेला आहे.

हे विष झाडाने मुळात माणसासाठी केलेलेच नाही. त्याचा शत्रू किडा आहे. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ मे बेरेनबाउम यांनी १९७०च्या दशकात दाखवले, की फ्युरानोकुमारिन खाल्लेल्या अळ्या अतिनील प्रकाशात मरतात, म्हणजे माणसाच्या कातडीवर घडते तेच अळीच्या अंगात घडते. तरी पार्सनिप वेबवर्म नावाची एक अळी याच झाडाच्या फुलांवर आणि कोवळ्या बियांवर जगते. तिच्या अंगात ही द्रव्ये फोडणारी विकरे आहेत, आणि ती जाळे विणून फुलोरा गुंडाळून घेते. पार्सनिप अमेरिकेत आले तेव्हा ही अळी मागे युरोपातच राहिली होती. ती १८६९च्या सुमारास चुकून तिथे पोचली. बेरेनबाउम आणि त्यांचे सहकारी आर्थर झँगर्ल यांनी संग्रहालयांत वाळवून ठेवलेले दीडशे वर्षांचे नमुने तपासले, तेव्हा अळी येण्यापूर्वीच्या अमेरिकी झाडांत विष कमी आणि ती आल्यानंतरच्या झाडांत जास्त आढळले. हा अभ्यास २००५मध्ये प्रसिद्ध झाला. परक्या तणावर त्याच्या मायदेशातला किडा सोडला की तण हटेल, हा नेहमीचा हिशोब या बाबतीत उलटा पडू शकतो. झाड टिकते, आणि वर अधिक भाजते.

रशियात आणि बाल्टिक देशांत या कथेला सरकारी वळण मिळाले. तिथला सोस्नोव्स्की हॉगवीड हा कॉकेशसचाच, थोडा बुटका भाऊ. १९४४मध्ये जॉर्जियातल्या वनस्पतिशास्त्रज्ञ इडा मांदेनोवा यांनी त्याचे वर्णन केले. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाला गुरांसाठी स्वस्त आणि भरघोस चाऱ्याची गरज होती, आणि थंडी सोसणारे हे झाड कमी मेहनतीत डोंगराएवढा हिरवा चारा देत असे. सामूहिक शेतांवर ते मोठ्या प्रमाणात लावले गेले. दुधाला त्याचा वास येई आणि मजुरांचे हात भाजत, तरी लागवड चालू राहिली. १९९१मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, शेते ओस पडली, आणि कापणारे कोणी राहिले नाही. कापणी थांबली म्हणजे फुले, फुले म्हणजे बिया. आज तिथली कित्येक पडीक शेते आणि रस्त्यांच्या कडा या झाडाने व्यापल्या आहेत. पोलंडमध्ये लोक त्याला स्तालिनचा सूड म्हणतात. नॉर्वेच्या उत्तर टोकाला मात्र तिसरे एक भावंड, पर्शियन हॉगवीड, ट्रॉम्सो शहराची ओळखच होऊन बसले आहे. त्याला तिथे ट्रॉम्सोचा ताड म्हणतात. इराणमध्ये याच झाडाच्या वाळलेल्या फळांची पूड गोलपर या नावाने मसाल्यात पडते.

भारतात जायंट हॉगवीडचा उपद्रव नाही. सह्याद्रीत या घराण्याचे जवळचे नातलग आहेत, पण ते इथलेच. पावसाळ्यात कास पठारावर पांढऱ्या छत्र्यांनी फुलणारी पिंडा कोंकणेन्सिस पूर्वी हेराक्लियम याच प्रजातीत धरली जात असे. तिला तण समजण्याचे कारण नाही, आणि तुडवण्याचे तर मुळीच नाही. महाराष्ट्राचे कातडीवर उठणारे परके तण वेगळेच आहे, ते म्हणजे गाजर गवत. त्याची पाने गाजरासारखी असली तरी त्याचे कूळ सूर्यफुलाचे. १९५०च्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा लक्षात आले. अमेरिकेतून मदतीच्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, अशी सर्वांची समजूत. काँग्रेस गवत हेही त्याचेच नाव. त्याचा त्रास हॉगवीडसारखा नव्हे. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याची ॲलर्जी होते, तीही वारंवार संपर्कानंतर, आणि एकदा झाली की हवेतून उडणाऱ्या बारीक कणांनीही मान, पापण्या आणि कोपरांच्या खळग्यांत कातडी जाड होऊन खाजत राहते. इथे धुऊन काम भागत नाही. अशा माणसाला त्या गवतापासून लांबच राहावे लागते.

हॉगवीडच्या किंवा पार्सनिपच्या बाबतीत धुणेच महत्त्वाचे, कारण रस आणि ऊन यांच्यामध्ये थोडा अवधी हाताशी असतो. रस लागताच साबण आणि गार पाण्याने ती जागा धुवावी. पाणी नसेल तर निदान ती झाकून सावलीत जावे. रस मुरायला लागल्यापासून अर्ध्या ते दोन तासांत कातडी सर्वांत हळवी असते, पण दोन दिवस त्या जागेवर ऊन पडू देऊ नये. ढगाळ हवेवर किंवा गाडीच्या काचेवर भिस्त ठेवू नये, कारण हे किरण ढगांतून आणि साध्या काचेतूनही येतात. रस डोळ्यांत गेला तर डोळे भरपूर पाण्याने धुऊन, गडद चष्मा लावून तडक डॉक्टरांकडे जावे. फोड आले असतील तर ते फोडू नयेत. मोठे फोड, ताप किंवा पू असेल तर घरगुती लेप लावत बसू नये. अंगावरचे कपडे, हातमोजे आणि अवजारे नीट धुतल्याशिवाय दुसऱ्याच्या हाती देऊ नयेत. कुत्र्याच्या केसांवर आलेला रसही हाताला लागू शकतो.

झाड काढायचे तर लांब बाह्यांचे, पाणी न शोषणारे कपडे, हातमोजे आणि चष्मा लागतो, आणि काम शक्यतो उन्हे उतरल्यावर करावे. दोरीने गवत कापणारे यंत्र इथे सर्वांत घातक. ते दांड्याचा चुरा करून रस तोंडावर आणि मानेवर उडवते, आणि मूळ तसेच राहिल्याने झाड पुन्हा फुटते. पहारीने मूळ जमिनीखाली दहा-पंधरा सेंटिमीटरवर तोडले तरच झाड मरते. न्यू यॉर्क राज्याच्या पर्यावरण खात्याची पथके २००८पासून दर उन्हाळ्यात असेच मूळ तोडत फिरतात, आणि मोठ्या जागी तणनाशक वापरतात. स्कॉटलंड आणि डेन्मार्कमध्ये मेंढ्या चारतात. मेंढ्यांना हा पाला आवडतो, आणि काळ्या तोंडाच्या मेंढ्यांचे ओठ-नाक कमी भाजतात, म्हणून त्यांना पसंती. फुले आली असतील तर बी धरण्याआधी छत्र कापून पिशवीत बंद करावे. खतखड्ड्यात टाकले तर तिथेही बी पिकू शकते. मातीत पडलेल्या बहुतेक बिया पहिल्या एक-दोन वर्षांत रुजतात किंवा मरतात, पण थोड्या त्यापुढेही तग धरतात, म्हणून झाड काढलेली जागा पुढची काही वर्षे दर वसंतात तपासावी लागते, आणि कोवळे रोप दिसले की ते हातमोजे घालूनच उपटावे लागते.